दूरचा हात : ‘रिमोट डेस्कटॉप’ची ओळख

शिष्यवृत्तीचे अर्ज भरण्याचे दिवस असावेत, कार्यालयाच्या खिडकीपुढे विद्यार्थ्यांची रांग लागलेली असावी आणि नेमक्या त्याच वेळी संगणकाने प्रिंटरला ओळख दाखविण्याचे नाकारावे, हा प्रसंग कोणत्याही महाविद्यालयाला नवा नाही. पूर्वी अशा वेळी तालुक्याच्या गावी निरोप जाई आणि तंत्रज्ञ एस.टी.ने येऊन पोहोचेपर्यंत रांगेतली मुले घरी गेलेली असत. आता तो फोनवरच म्हणतो, “मॅडम, ते सॉफ्टवेअर उघडा आणि त्यात दिसणारा क्रमांक सांगा.” क्रमांक सांगितला, परवानगीच्या बटणावर क्लिक केले, की टेबलावरचा माऊस जागचा हलत नाही आणि पडद्यावरचा बाण मात्र चालू लागतो. खिडक्या उघडतात, मिटतात, कोठे काही अक्षरे उमटतात आणि पाच-दहा मिनिटांत प्रिंटर कुरकुरत कागद ओढू लागतो.

याला ‘रिमोट डेस्कटॉप’ म्हणतात. मराठीत ‘दूरस्थ पटल’ यासारखा शब्द घडविता येईल. परंतु ज्या शब्दाने तंत्रज्ञ आणि कारकून या दोघांचेही काम भागते, तोच येथे ठेवलेला बरा. कला शाखेच्या विद्यार्थ्याला या यंत्रविद्येशी काय कर्तव्य, अशी शंका कोणी काढील. तिचे उत्तर असे की, यातला यंत्राचा भाग सोपा आहे. अवघड भाग माणसांचा आहे, आणि तो आपल्या शाखेच्या कक्षेत येतो.

नाथपंथाच्या कथांत मच्छिंद्रनाथ मृत राजाच्या देहात प्रवेश करतात. राजा उठून बसतो, बोलू लागतो, राज्य चालवितो. दरबाराला राजा दिसतो. आत कोण आहे ते दिसत नाही. रिमोट डेस्कटॉपची गोष्ट थेट अशीच आहे. संगणकाला कळ दाबल्याचे कळते, माऊस हलल्याचे कळते. तो हात कोणाचा होता हे त्याला कळत नाही. समोर बसलेल्या कारकुनाचा हात, चाळीस किलोमीटरवरच्या तंत्रज्ञाचा हात आणि हजार किलोमीटरवरच्या ठकाचा हात त्याच्या लेखी सारखेच. या साधनाचे सारे गुण आणि सारे धोके या एका गोष्टीतून निघतात, हे पुढील विवेचन वाचताना ध्यानात ठेवावे.

तारेतून काय जाते?

पुष्कळांची समजूत अशी असते की, दूरचा माणूस आपल्या संगणकातील सर्व काही आपल्याकडे ओढून घेतो आणि तेथे दुरुस्त करून परत पाठवितो. तसे काही होत नाही. सगळे काम आपल्याच संगणकात, आपल्याच प्रोसेसरवर चालते. दूरच्या माणसाकडे जाते ते केवळ पडद्याचे चित्र. आणि त्याच्याकडून येतात त्या केवळ खुणा : अमुक कळ दाबली, अमुक कळ सोडली, बाण येथून तेथे गेला.

ही कल्पना वाटते तितकी नवी नाही. ९ डिसेंबर १९६८ रोजी सॅन फ्रान्सिस्को येथे भरलेल्या संगणक-परिषदेत डग्लस एंगेलबार्ट या अमेरिकन संशोधकाने दीड तासाचे एक प्रात्यक्षिक दिले. व्यासपीठावर त्यांच्यापुढे एक पडदा, एक कीबोर्ड आणि त्यांच्याच प्रयोगशाळेत तयार झालेला माऊस होता. संगणक मात्र सुमारे ५० किलोमीटर दूर, मेन्लो पार्क येथे होता. तेथे बसलेला त्यांचा सहकारी आणि व्यासपीठावरचे ते स्वतः एकाच वेळी एकच मजकूर पाहत होते आणि त्यावर काम करीत होते. घरोघरी संगणक येण्याच्या कितीतरी आधीची ही गोष्ट आहे.

मग ती आपल्यापर्यंत यायला तीस-पस्तीस वर्षे का लागली? याचे एक कारण साध्या गुणाकारात सापडते. आजच्या नेहमीच्या पडद्यावर आडवे १९२० आणि उभे १०८० ठिपके असतात. म्हणजे एकूण २० लाख ७३ हजार ६००. प्रत्येक ठिपक्याच्या रंगासाठी ३ बाइट धरले तर एका चित्राला ६२ लाख २० हजार ८०० बाइट लागतात. सेकंदाला अशी ३० चित्रे पाठवायची म्हटली तर दर सेकंदाला सुमारे १५० कोटी बिट होतात. आजच्या घरगुती इंटरनेटलाही हा बोजा पेलणार नाही. मग टेलिफोनच्या तारेची काय कथा!

यावर काढलेली युक्ती आपली आजीसुद्धा सुचवील अशी आहे : जे बदलले तेवढेच सांगावे. कारकुनाने पत्रात ‘क’ हे अक्षर टंकले, तर पडद्याचा नखाएवढा तुकडा बदलला. बाकीचा पडदा होता तसाच आहे. २० ठिपके रुंद आणि ३० ठिपके उंच असा आयत पाठविला की झाले. ते होतात १८०० बाइट, आणि दाबून बसविले तर त्याहूनही कमी. इंग्लंडमधील केंब्रिज येथे ऑलिव्हेटी कंपनीची एक संशोधनशाळा होती. तेथील मंडळींनी याच तत्त्वावर ‘व्हीएनसी’ नावाचे सॉफ्टवेअर रचले आणि १९९८ मध्ये ते सर्वांना मोफत खुले केले. ‘पडद्यावर अमुक ठिकाणी अमुक आयत ठेव’ ही त्यातील मूळ आज्ञा. शिवाय पाहणाऱ्याने मागितल्याशिवाय नवे चित्र पाठवायचे नाही, असा नियम त्यात घातलेला आहे. त्यामुळे तार मंद असली तर चित्रांचा ढीग साचत नाही. पाहणारा आपोआपच सावकाश मागतो.

येथे एक गमतीची गोष्ट सांगण्यासारखी आहे. केंब्रिज विद्यापीठाच्या संगणक-प्रयोगशाळेत १९९१ मध्ये कॉफीच्या भांड्यावर एक कॅमेरा रोखून ठेवलेला होता. इतर खोल्यांत बसणाऱ्या संशोधकांना जिने उतरून जावे आणि भांडे रिकामे आढळावे, असे वारंवार होई. म्हणून भांड्याचे चित्रच प्रत्येकाच्या पडद्यावर दिसावे अशी सोय त्यांनी केली. ही सोय करणाऱ्या दोघांपैकी क्वेंटिन स्टॅफर्ड-फ्रेझर हे पुढे व्हीएनसीच्या रचनाकारांतही होते. मोठे शोध नेहमी मोठ्या गरजेतूनच लागतात असे नाही.

दुसरी पद्धत मायक्रोसॉफ्टची. तिचे नाव ‘आरडीपी’. सिट्रिक्स या कंपनीकडून घेतलेल्या तंत्राच्या आधारे ती १९९८ मध्ये विंडोज एनटीच्या ‘टर्मिनल सर्व्हर’ आवृत्तीत आली आणि २००१ मध्ये विंडोज एक्सपी प्रोफेशनलबरोबर सामान्य कार्यालयांत पोहोचली. तयार चित्राचे ठिपके पाठविण्याऐवजी ‘येथे या रंगाची पट्टी ओढ, तेथे हे अक्षर काढ’ अशा रेखाटनाच्या आज्ञा पाठवायच्या, ही तिची मूळ रीत. एकाने रांगोळी काढून तिचा फोटो पाठवावा आणि दुसऱ्याने ‘पाच ठिपके पाच ओळी, मध्ये कमळ’ एवढेच कळवावे, असा हा फरक आहे. पुढे दोन्ही पद्धतींनी एकमेकींचे पुष्कळ उचलले. तेव्हा या भेदावर फार जोर देण्याचे कारण नाही.

जोर द्यायला हवा तो दुसऱ्या एका भेदावर. व्हीएनसी किंवा टीमव्ह्यूअर यांसारख्या साधनांत दोन माणसे एकाच पडद्यासमोर बसलेली असतात. एकाने केलेले दुसऱ्याला दिसते. नेहमीच्या विंडोजमध्ये आरडीपीने प्रवेश केला, तर संगणकाजवळच्या माणसाचा पडदा कुलूपबंद होतो. म्हणजे पहिली रीत मदतीसाठी आणि दुसरी घरून आपले स्वतःचे काम करण्यासाठी. हा विवेक न ठेवता आरडीपीने मदत करायला गेलेला तंत्रज्ञ आणि ‘अहो, माझा पडदा गेला!’ असे फोनवर ओरडणारी व्यक्ती, हे दृश्य पुष्कळ कार्यालयांनी पाहिलेले आहे. खुद्द विंडोजमध्ये मदतीसाठी ‘क्विक असिस्ट’ नावाची वेगळी सोय आहे, हे अनेकांना ठाऊकच नसते.

चित्र जाते आणि मजकूर जात नाही, याचा मराठी माणसाला एक खास लाभ होतो. श्रीलिपीसारख्या जुन्या अक्षरसंचात टंकलेले पत्र ईमेलने पाठविले आणि पलीकडे तो अक्षरसंच नसला, तर तेथे अगम्य चिन्हांची आरास दिसते. रिमोट डेस्कटॉपवर मात्र तेच पत्र स्वच्छ वाचता येते; कारण पलीकडे पोहोचलेले असते ते अक्षरांचे चित्र. उलट दिशेने मात्र हे चालत नाही. आरडीपीत सहसा कळीचा क्रमांक जातो, अक्षर जात नाही. दूरच्या संगणकावर मराठीची बैठक केलेली नसेल, तर आपण ‘कमळ’ टंकावे आणि तेथे भलतेच काही उमटावे, असे होते.

दाराची अडचण

एकाच कार्यालयातील दोन संगणक एकमेकांना सहज सापडतात. गावाबाहेरून यायचे तर अडचण येते. आपल्या घरातील किंवा महाविद्यालयातील संगणकांना जे पत्ते असतात ते घरापुरते असतात. बाहेरच्या जगाला दिसतो तो फक्त राउटरचा पत्ता. वसतिगृहातील विद्यार्थ्याला बाहेर फोन करता यावा, पण बाहेरून फोन आला तर तो फाटकावरच्या रखवालदाराने घ्यावा आणि त्याला खोली क्रमांक ठाऊक नसावा, तशी ही स्थिती आहे.

जर्मनीतील टीमव्ह्यूअर (२००५) आणि एनीडेस्क (२०१४) यांसारख्या सॉफ्टवेअरनी यावर तोड काढली. दोन्ही संगणक आपण होऊन बाहेर, कंपनीच्या मधल्या यंत्राला फोन लावतात आणि ते यंत्र क्रमांक पाहून दोघांची गाठ घालून देते. कारकुनाने वाचून दाखविलेला क्रमांक तो हाच. सोय उत्तम आहे. मात्र त्यात तिसरा माणूस मध्ये आला. फेब्रुवारी २०२४ मध्ये एनीडेस्कने स्वतःच आपल्या सर्व्हरमध्ये बाहेरच्यांचा शिरकाव झाल्याचे जाहीर केले आणि ग्राहकांना आपल्या संकेतस्थळावरील पासवर्ड बदलायला सांगितले. ज्यांना हा मध्यस्थ नको असेल त्यांच्यासाठी, मधले यंत्र आपल्याच संस्थेत बसविता येईल अशी रस्टडेस्कसारखी मुक्त सॉफ्टवेअरही आहेत. पण ते यंत्र सांभाळायला माणूस लागतो आणि लहान संस्थेत तोच नसतो.

आणखी एका अडचणीवर कोणाचाही इलाज नाही. काचेच्या तंतूतून प्रकाश सेकंदाला सुमारे दोन लाख किलोमीटर जातो. मुंबई ते न्यूयॉर्क हे सरळ अंतरच साडेबारा हजार किलोमीटरच्या घरात आहे. म्हणजे कळ दाबल्यापासून तिचा परिणाम डोळ्यांना दिसेपर्यंत, आदर्श परिस्थितीतही, सेकंदाचा आठवा हिस्सा जातोच. आकड्यात हे क्षुल्लक वाटते. बोटांना मात्र ते जाणवते.

मदत कशी करावी

या विद्येची पुस्तके बटणांच्या वर्णनाने भरलेली असतात. वास्तविक बटणे एका तासात येतात. येत नाही ती रीत. म्हणून तिच्याविषयी थोडे सविस्तर लिहितो.

पहिली गोष्ट, हाक कोणी मारली? ज्याचे दुखणे आहे त्याने हाक मारावी आणि तंत्रज्ञाने यावे, हा क्रम उलटता कामा नये. ‘तुमच्या संगणकात बिघाड दिसतो आहे, मी दुरुस्त करतो’ असा परका फोन आला, तर तो परकाच समजावा. संस्थेतल्याच तंत्रज्ञाचा असा फोन आला तरी ‘ठेवा, मी आपल्या ठरलेल्या नंबरवर लावते’ असे म्हणण्यात कोणाचा अपमान नाही. चांगला तंत्रज्ञ उलट खूश होईल.

दुसरी गोष्ट, पडदा आवरणे. पाहुणे येण्याआधी आपण घर आवरतो ना? त्याप्रमाणेच क्रमांक सांगण्याआधी गुणपत्रके, पगारपत्रक, बँकेचे पान, घरगुती पत्रव्यवहार बंद करावा. तंत्रज्ञानेही जोडणी होण्यापूर्वी ‘खासगी काही उघडे असेल तर मिटवून घ्या’ असे आपण होऊन म्हणावे. कार्यालयात एखाद्याचा वैद्यकीय रजेचा अर्ज उघडा असतो. तो पाहण्याचा तंत्रज्ञाला काय अधिकार?

तिसरी, बोलत राहणे. बाण मुकाट्याने फिरू लागला की समोरचा माणूस धास्तावतो. ‘आता सेटिंग उघडतो, आता प्रिंटरची यादी पाहतो’ असे सांगत गेले म्हणजे त्याला धीरही येतो आणि दोन गोष्टी शिकायलाही मिळतात. माझ्या मते उत्तम तंत्रज्ञ तोच, जो निम्म्या वेळी आपला हात बाजूला ठेवतो, फक्त पाहतो, आणि ‘आता तुम्हीच वरच्या कोपऱ्यातले तिसरे चित्र दाबा’ असे म्हणतो. नुसते पाहण्याची सोय बहुतेक साधनांत असते. वेळ दुप्पट लागतो हे खरे. परंतु पुढच्या महिन्यात तोच फोन पुन्हा येत नाही. घाईच्या दिवसांत हे जमत नाही, हेही खरे.

नवे काही बसवायचे झाले की विंडोज पडदा मंद करून विचारते : हा बदल होऊ द्यायचा काय? या वेळी दूरच्या माणसाचा पडदा पुष्कळदा काळा पडतो किंवा थांबतो, आणि संगणकासमोर बसलेल्यालाच ‘होय’ म्हणावे लागते. तंत्रज्ञ यावर चिडतात. चिडू नये. परकायाप्रवेशात मूळ मालकाला दिलेला हा नकाराधिकार आहे.

एक बारीक सूचना. जोडणी चालू असताना ‘कॉपी’ केलेला मजकूर दोन्ही संगणकांना सामायिक होतो. तंत्रज्ञाने आपल्याकडे एखादा पासवर्ड कॉपी केला, तर तो पलीकडच्या संगणकावरही चिकटवता येतो. ही सोय नको असेल तेव्हा बंद करता येते.

आणि नेटवर्कची दुरुस्ती करताना, आपण बसलो आहोत तीच फांदी आपण तोडतो आहोत काय, हे पाहावे. दूरच्या संगणकाचे नेटवर्क-कार्ड बंद केले की बंद करणाराच बाहेर फेकला जातो, आणि मग एस.टी. आहेच! जुने जाणते लोक अशा वेळी आधी एक आज्ञा पेरून ठेवतात : दहा मिनिटांनी जुनी मांडणी आपोआप परत यावी. सर्व ठीक झाले तर ती आज्ञा रद्द करायची. नाही झाले तर दहा मिनिटे चहा प्यायचा.

काम संपले की जोडणी तोडावी आणि वहीत नोंद करावी : तारीख, वेळ, कोणी, काय केले. पुण्यात हिंजवडीसारख्या भागात बसून युरोप-अमेरिकेतील कंपन्यांचे सर्व्हर सांभाळणारे आपले अनेक माजी विद्यार्थी आज असतील. त्या क्षेत्रातील रीत अशी की, ग्राहकाच्या सर्व्हरवर थेट जायचेच नाही. मध्ये एक चौकीचे यंत्र ठेवायचे. प्रत्येकाने आपल्या नावाने त्यातून जायचे आणि जाण्यायेण्याची नोंद, कित्येकदा पडद्याच्या चित्रफितीसह, तेथे राहायची. संगणकाला हात ओळखता येत नाही. म्हणून हाताला नाव चिकटविण्याची ही व्यवस्था. लहान कार्यालयात चौकीचे यंत्र परवडणार नाही, वही परवडते.

चाळीस संगणकांचे काय?

प्रयोगशाळेतील चाळीस संगणकांवर एकच सॉफ्टवेअर बसवायचे असेल, तर चाळीस वेळा रिमोट डेस्कटॉप उघडणे हा शुद्ध वेडेपणा होय. तेथे बाणाचे काम नाही, आज्ञेचे आहे. एकदा लिहिलेली आज्ञावली सर्व संगणकांना धाडण्याची साधने विंडोज आणि लिनक्स या दोन्हींत आहेत. संगणक बंद असतील तर तेही चालू करता येतात. सहा ठरावीक बाइट आणि त्यामागे त्या संगणकाच्या नेटवर्क-कार्डाचा क्रमांक सोळा वेळा, असा अवघ्या १०२ बाइटांचा निरोप नेटवर्कवर सोडला की झोपलेले कार्ड आपले नाव ऐकून जागे होते. अर्थात ही सोय त्या संगणकात आधी सुरू करून ठेवलेली असावी लागते. सोळा वेळा नाव घेतल्याशिवाय न उठणारे विद्यार्थी वसतिगृहातही असतात.

शिकविताना मात्र पडद्याचे महत्त्व आहेच. ‘वेयॉन’ या मुक्त सॉफ्टवेअरने शिक्षकाला सर्व विद्यार्थ्यांचे पडदे एकत्र, लहान चौकटींत दिसतात; अडलेल्याला जागेवरून मदत करता येते किंवा आपला पडदा सर्वांना दाखविता येतो. यातही एक पथ्य पाळावे. आपला पडदा पाहिला जात आहे हे विद्यार्थ्यांना तासाच्या आरंभीच सांगावे.

उघडे दार, सामायिक किल्ली

आता धोक्यांकडे वळू. संगणकात वेगवेगळ्या कामांसाठी क्रमांक घातलेली दारे असतात. आरडीपीचे नेहमीचे दार क्रमांक ३३८९, व्हीएनसीचे ५९००. ही दारे थेट इंटरनेटवर उघडी टाकली, तर जगभर फिरणारे शोधक प्रोग्राम ती हुडकतात आणि पासवर्डचे अंदाज लावत बसतात. ते थकत नाहीत. जुन्या व्हीएनसीत तर पासवर्डची पहिली आठ अक्षरेच मोजली जात. मे २०१९ मध्ये ‘ब्लूकीप’ या नावाने गाजलेला आरडीपीतील दोष उघड झाला. त्यात पासवर्डही न सांगता आत शिरता येण्याजोगे होते. तो इतका गंभीर ठरला की मायक्रोसॉफ्टने एव्हाना सोडून दिलेल्या विंडोज एक्सपीसाठीही दुरुस्ती प्रसिद्ध केली. म्हणून हे दार रस्त्यावर उघडू नये. आधी ‘व्हीपीएन’चे अंगण ओलांडावे आणि मग दाराशी यावे, हा सर्वमान्य उपाय आहे.

किल्लीविषयी एक उदाहरण मनन करण्यासारखे आहे. अमेरिकेत फ्लोरिडा राज्यात ओल्डस्मार नावाचे लहान शहर आहे. ५ फेब्रुवारी २०२१ रोजी तेथील जलशुद्धीकरण केंद्रातील कर्मचाऱ्याला पडद्यावरचा बाण आपोआप हलताना दिसला, असे त्या वेळी जाहीर झाले. सकाळी त्याला त्यात काही वावगे वाटले नाही. वरिष्ठ मंडळी दुरून नेहमीच पाहत असत. दुपारी बाण पुन्हा हलला, आणि पाण्यात मिसळावयाच्या सोडियम हायड्रॉक्साइडचे, म्हणजे कॉस्टिक सोड्याचे प्रमाण दशलक्ष भागांत १०० होते ते ११,१०० केले गेले. कर्मचाऱ्याने ते तत्काळ पूर्ववत केले आणि अनर्थ टळला. शासकीय सूचनापत्रात पुढे असे आले की, तेथील सर्व संगणकांवर दूरप्रवेशासाठी एकच पासवर्ड वापरला जात होता. आणि २०२३ मध्ये त्या शहराच्या माजी व्यवस्थापकांनी तर, बाहेरचे कोणी शिरलेच नव्हते, ती कर्मचाऱ्याच्याच हातची चूक असावी, असे सांगितले. म्हणजे शहराच्या पाण्याचा प्रश्न असूनही ‘हात कोणाचा होता?’ यावर दोन परस्परविरुद्ध उत्तरे उभी राहिली! एक किल्ली दहा जणांत फिरू लागली की यापेक्षा वेगळे घडत नाही. आपल्याकडच्या कार्यालयांत पासवर्डची चिठ्ठी मॉनिटरलाच चिकटविलेली असते, हे सांगायला नकोच.

आपल्या देशात या साधनाचा सर्वाधिक दुरुपयोग झाला तो मात्र कुलूप न फोडता. फोन येतो : ‘बँकेतून बोलतो, आपले केवायसी अपुरे आहे’ किंवा ‘वीज आज रात्री तोडली जाईल’. घाबरलेल्या माणसाला एक ॲप घ्यायला सांगतात आणि क्रमांक वाचून दाखवायला लावतात. ॲप अस्सल असते, तेच तंत्रज्ञाचे. म्हणून कोणतेही संरक्षक सॉफ्टवेअर ओरडत नाही. मोबाइलवर तर ठकाला बाण हलविण्याचीही गरज नसते. पडदा दिसला की पुरे, कारण बँकेचा ओटीपी पडद्यावरच येतो. फेब्रुवारी २०१९ मध्ये रिझर्व्ह बँकेने एनीडेस्कच्या अशा दुरुपयोगाबद्दल बँकांना सावध केले होते, आणि मार्च २०२२ मध्ये प्रसिद्ध केलेल्या जनजागृतीच्या पुस्तिकेतही या प्रकाराचा समावेश केला. फसणारे अडाणी असतात हा समज चुकीचा आहे. सेवानिवृत्त प्राध्यापक, बँकेचेच माजी कर्मचारी असे लोकही यात सापडतात. कारण मदत करणाऱ्याला नाही म्हणणे सभ्य माणसाला जड जाते.

माहिती तंत्रज्ञान कायदा, २००० याच्या ४३व्या कलमात संगणकाच्या मालकाच्या किंवा प्रभारी व्यक्तीच्या परवानगीवाचून केलेला प्रवेश दोषास्पद ठरविला आहे. तेच कृत्य अप्रामाणिकपणे केले, तर ६६व्या कलमान्वये तीन वर्षांपर्यंत कैद किंवा पाच लाख रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. तोतयेगिरी करून संगणकाद्वारे फसविणाऱ्यासाठी कलम ६६-ड वेगळे आहे. परंतु तपास आणि शिक्षा ही पुढची गोष्ट. पैसे जात असतील तर पहिली काही मिनिटेच महत्त्वाची असतात, म्हणून क्रम सांगून ठेवतो. आधी इंटरनेट तोडावे. मोबाइल असेल तर वाय-फाय आणि डेटा दोन्ही बंद. ॲपमध्ये ‘जोडणी बंद करा’चे बटण शोधत बसू नये. मग दुसऱ्या फोनवरून बँकेला कळवून खाते गोठवावे आणि १९३० या राष्ट्रीय साहाय्य-क्रमांकावर तक्रार नोंदवावी. पासवर्ड बदलायचे ते दुसऱ्याच यंत्रावरून. नंतर ते ॲप काढून टाकावे. आणि संगणकावर असेल तर काढण्यापूर्वी, माणूस समोर नसतानाही प्रवेश देणारा कायमचा पासवर्ड त्यात कोणी घालून ठेवला आहे काय, हे जाणकाराकडून पाहून घ्यावे. कार्यालयांतील जुन्या संगणकांवर असे पासवर्ड, ते घालणारा तंत्रज्ञ नोकरी सोडून गेल्यावरही, वर्षानुवर्षे तसेच राहिलेले सापडतात.